दप्तरातील ज्ञान आणि उद्योगाचे धोरण

कोणत्याही कारखान्याचा वार्षिक ताळेबंद उघडून पाहावा. त्यात जमीन, इमारती, यंत्रे, शिल्लक माल, येणी आणि देणी यांची पैपैची नोंद आढळते. परंतु त्या कारखान्यातील माणसांना वर्षानुवर्षांच्या कामातून जे कळलेले असते, त्याला ताळेबंदात रकाना नसतो. कोणती भट्टी केव्हा रुसते, कोणत्या खाणीचा माल पावसाळ्यात चिकट होतो, दहा वर्षांपूर्वी एक योजना का सोडून द्यावी लागली, या गोष्टी कोणाच्या तरी डोक्यात, कोणाच्या तरी वहीत किंवा एखाद्या धूळ खात पडलेल्या दप्तरात असतात. यंत्र मोडले तर ते दुसऱ्याच दिवशी लक्षात येते. ज्ञान हरवले तर ते हरवल्याचे लक्षात यायलाच वीस वर्षे लागतात, आणि तोवर कारखान्याने पुढचा रस्ता चुकीचा धरलेला असतो.

अलीकडच्या काळात उद्योगांतील या ज्ञानाची जोपासना हा एक स्वतंत्र अभ्यासविषय झाला आहे. जपानमधील इकुजिरो नोनाका आणि हिरोताका ताकेउची यांचा या विषयावरील ग्रंथ १९९५ साली प्रसिद्ध झाला. आपल्याकडे टाटांच्या पोलाद कारखान्याने १९९९ साली ज्ञानव्यवस्थापनाचे पद्धतशीर काम हाती घेतले. २०१८ साली तर या कामाचे एक आंतरराष्ट्रीय प्रमाणकही ठरविण्यात आले. परंतु विषयाचे नाव नवे असले तरी प्रश्न जुनाच आहे. तो समजून घेण्यास परदेशी उदाहरणांच्या मागे धावण्याचे कारण नाही. छत्तीसगडातील रायपूरच्या आसमंतात या प्रश्नाचा इतिहास डोंगराच्या रूपाने उभा आहे.

माहिती, ज्ञान आणि धोरण

आरंभीच तीन शब्दांमधील भेद स्पष्ट केला पाहिजे. अमुक डोंगरातील दगडात शेकडा साठ भाग लोह आहे, ही माहिती झाली. त्या दगडापासून पोलाद करावयाचे तर कोक तयार होईल असा दगडी कोळसा किती अंतरावर आहे, पाणी कोठून येईल, चुनखडी कोठे मिळेल आणि माल वाहून नेण्यास किती खर्च पडेल, हे सर्व एकत्र जुळवून त्या माहितीचा अर्थ लावता येणे, हे ज्ञान झाले. आणि या ज्ञानाच्या आधाराने काय करावयाचे, कोठे करावयाचे व मुख्यतः काय करावयाचे नाही याचा दीर्घ मुदतीचा निर्णय घेणे, हे धोरण झाले.

धोरण हे संचालक मंडळाच्या बैठकीत एका दिवशी जन्मास येते, असा पुष्कळांचा समज असतो. वस्तुतः त्या दिवशी केवळ त्याचे बारसे होते. त्याची घडण त्याआधी कित्येक वर्षे, अनेकांच्या हातून, बहुधा एकमेकांना न ओळखणाऱ्या माणसांच्या हातून होत असते. ही माणसे आणि निर्णय घेणारी माणसे यांच्यामध्ये वाट बांधलेली असली तर धोरण पक्क्या पायावर उभे राहते. वाट नसली तर सारे योगायोगावर अवलंबून असते.

रायपूरच्या पश्चिमेकडील भट्ट्या

प्रमथनाथ बोस हे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण खात्यात १८८० साली रुजू झालेले भूवैज्ञानिक. रायपूर जिल्ह्याच्या पश्चिम भागातील लोखंडाच्या धंद्याविषयी त्यांचा एक लेख खात्याच्या नियतकालिकात १८८७ साली प्रसिद्ध झाला. त्या काळी या भागात देशी पद्धतीने लोखंड गाळले जात असे. मैकल पर्वताच्या आसपास वस्ती असलेल्या अगरिया जमातीचा तर हा पिढीजात व्यवसाय होता. मातीची पुरुषभर उंचीचीही नसलेली भट्टी, लाकडी कोळसा आणि पायांनी चालविण्याचा भाता एवढ्या सामग्रीवर हे लोक दगडातून लोखंड काढीत. पुढे व्हेरिअर एल्विन यांनी १९४२ साली या जमातीवर एक सबंध ग्रंथच लिहिला.

येथे एक गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. बोस यांच्या लेखाचा विषयच मुळी चालू असलेला धंदा हा होता. कोणत्या डोंगरातला दगड चांगला, हे त्या भट्ट्यांवर काम करणाऱ्यांना पिढ्यान्पिढ्या ठाऊक होते. भूवैज्ञानिकाने त्या जाणतेपणाला शास्त्राची भाषा दिली, ठिकाण निश्चित केले आणि ती गोष्ट छापील कागदावर आणली. दल्ली आणि राजहरा हे डोंगर ज्या जमीनदारीत होते तिचे नाव डोंडी-लोहारा. गावाच्या नावातच लोहाराची ओळख असावी आणि ती वाचणारा मात्र बाहेरून यावा, हा प्रकार आपल्याकडे नवा नाही.

बोस यांची नोंद खात्याच्या दप्तरी दाखल झाली. रायपूर त्या वेळी मध्य प्रांतात होते आणि प्रांताची राजधानी नागपूर होती. म्हणून रायपूरकडील डोंगरांची माहिती नकाशाच्या रूपाने नागपुरासही जाऊन पोहोचली आणि तेथे भिंतीवर टांगलेली राहिली.

अजब बंगल्यातील नकाशा

त्याच नागपुरात जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल १ जानेवारी १८७७ रोजी सुरू झाली होती. पुढे १८८२ साली रिटर फोन श्वार्ट्झ या जर्मन तज्ज्ञाचा चांदा जिल्ह्यातील लोखंडाविषयीचा अहवाल जमशेटजींच्या हाती आला. या जिल्ह्यातील लोहारा या ठिकाणचा खनिज साठा उत्तम असल्याचे त्यात म्हटले होते. चांदा म्हणजे आजचा चंद्रपूर. जवळच वरोऱ्याला दगडी कोळसा होता. परंतु त्या कोळशाचे नमुने तपासले असता तो पोलादाच्या भट्टीस योग्य ठरला नाही. शिवाय खाणींच्या परवान्यांचे सरकारी नियमही जाचक होते. बेत मागे पडला.

दुसऱ्या एखाद्या व्यापाऱ्याने तो अहवाल फडताळात टाकून दिला असता. जमशेटजींनी तसे केले नाही. विषय त्यांच्या मनात जागा राहिला. १८९९ साली मेजर माहोन यांनी हिंदुस्थानात पोलादाचा कारखाना काढण्याची वेळ आली असल्याचे मत अहवालाद्वारे मांडले आणि लॉर्ड कर्झन यांच्या कारकीर्दीत खाणींचे नियमही सैल झाले. तेव्हा सतरा वर्षांपूर्वीचा प्रश्न जमशेटजींना नव्याने शिकावा लागला नाही. काय अडले होते हे त्यांना ठाऊक होते. म्हणून काय बदलले हेही त्यांना तत्काळ उमगले. १९०२ साली ते अमेरिकेस गेले आणि चार्ल्स पेज पेरिन या तज्ज्ञाकडे त्यांनी हे काम सोपविले. पेरिन यांच्या वतीने सी. एम. वेल्ड हे भूवैज्ञानिक हिंदुस्थानात आले.

चांद्याच्या जंगलातील शोध निराशाजनक ठरला. खनिज होते, पण मोठ्या कारखान्याला पुरेल असा सलग साठा नव्हता. हे काम सोडून देत असल्याचे प्रांताच्या सरकारला कळविण्यासाठी जमशेटजींचे पुत्र दोराबजी नागपुरास गेले. ज्या अधिकाऱ्याला भेटावयाचे होते तो जागेवर नव्हता. वेळ घालविण्यासाठी दोराबजी समोरच्या संग्रहालयात शिरले. नागपूरकर ज्याला आजही अजब बंगला म्हणतात तेच हे १८६३ सालचे मध्यवर्ती संग्रहालय. तेथे मध्य प्रांताचा रंगीत भूवैज्ञानिक नकाशा होता. नागपूरपासून सुमारे अडीचशे किलोमीटर पूर्वेला, दुर्गच्या बाजूला, नकाशावर गडद रंग दिलेला होता. तो रंग लोखंडाच्या मोठ्या साठ्याचा निदर्शक होता. वेल्ड आणि शापुरजी सकलातवाला त्या दिशेने गेले आणि दल्ली-राजहऱ्याच्या डोंगरांपाशी पोहोचले. जवळजवळ सबंध डोंगरच उत्तम प्रतीच्या लोहखनिजाचा होता.

ही हकीकत मोठ्या कौतुकाने सांगितली जाते, आणि ते योग्यच आहे. परंतु कौतुकाच्या भरात तिच्यातील दोष नजरेआड होऊ नये. सोळा-सतरा वर्षे छापील असलेली नोंद, स्वतःची गिरणी असलेल्या शहरातील भिंतीवर टांगलेला नकाशा, आणि त्या नोंदीची नितांत गरज असलेला उद्योजक, हे तिघे एका अधिकाऱ्याच्या गैरहजेरीमुळे एकत्र आले! तो अधिकारी वेळेवर भेटला असता तर दोराबजी कदाचित तसेच परत फिरले असते. काखेत कळसा आणि गावाला वळसा ही म्हण आपल्याकडे थट्टेने वापरली जाते. मोठमोठ्या उद्योगांच्या बाबतीत ती फार महाग पडते.

नकार देण्याचे ज्ञान

यानंतर जे घडले ते अधिक बोधप्रद आहे. इतका समृद्ध साठा हाती आला असूनही टाटांनी अखेरीस तेथे कारखाना काढला नाही. कोक तयार होईल असा कोळसा त्या डोंगरांच्या जवळपास नव्हता. याच सुमारास, २४ फेब्रुवारी १९०४ रोजी, प्रमथनाथ बोस यांनी जमशेटजींना पत्र लिहून मयूरभंज संस्थानातील लोहखनिजाकडे त्यांचे लक्ष वेधले. गोरुमहिसाणीचा तो साठा झरियाच्या कोळशाला तुलनेने जवळ होता. १९०७ साली कंपनीची नोंदणी झाली. सुवर्णरेखा आणि खरकाई या नद्यांच्या सान्निध्यात, साकची येथे कारखाना उभा राहिला आणि १९१२ च्या फेब्रुवारीत पोलादाचा पहिला गोळा बाहेर पडला. साकचीचेच पुढे जमशेदपूर झाले.

बोस हे पत्र लिहिते वेळी सर्वेक्षण खात्यात नव्हते. त्यांच्याहून कनिष्ठ अधिकाऱ्यास खात्याचे प्रमुखपद देण्यात आल्यामुळे त्यांनी १९०३ साली नोकरी सोडली होती आणि ते मयूरभंज संस्थानचे भूवैज्ञानिक झाले होते. खात्याने त्यांचे छापील लेख ठेवून घेतले. डोंगराकडे पाहताच त्यातले काय उपयोगी पडेल हे ओळखणारी नजर मात्र त्यांच्याबरोबर गेली आणि तिचा लाभ दुसऱ्याला झाला. माणसाचा मान राखणे हा केवळ सौजन्याचा भाग नसून ज्ञानरक्षणाचाही भाग आहे, ही गोष्ट कित्येक संस्थांच्या ध्यानात फार उशिरा येते.

दल्ली-राजहऱ्याचा नकार हेही ज्ञानच होते. एखादा उद्योग जे करतो त्याच्या नोंदी सहसा राहतात. जे केले नाही त्याची कारणे मात्र कोणी लिहून ठेवीत नाही. तीच पुढच्या पिढीला सर्वांत अधिक हवी असतात. 'ही जागा अयोग्य' एवढेच लिहिले तर ती जागा कायमची बाद होते. 'कोळसा दूर असल्यामुळे आज अयोग्य' असे लिहिले तर कोळसा जवळ येताच दार पुन्हा उघडता येते.

अर्धशतकानंतर

ते दार उघडले ते १९५५ साली. २ फेब्रुवारी १९५५ रोजी भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला आणि रायपूरच्या पश्चिमेस, मुंबई-हावडा लोहमार्गावरील भिलाई येथे दहा लाख टन क्षमतेचा पोलाद कारखाना काढण्याचे ठरले. लोहखनिज दल्ली-राजहऱ्याचे, चुनखडी जवळच्या नंदिनीची, पाणी तांदुळा जलाशयाचे आणि कोळसा आगगाडीने आणलेला. डोंगर तेच होते. भोवतालची परिस्थिती बदलली होती. ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. ज्या डोंगरांनी अगरियांच्या छोट्या भट्ट्यांना आणि भोवतालच्या गावांना लोखंड दिले, त्यांच्याच पोटातून देशाच्या लोहमार्गांचे रूळ निघू लागले.

या सबंध प्रवासात जागेची नावे मात्र बदलत गेली. बोस यांनी लिहिले तेव्हा तो भाग रायपूर जिल्ह्यात होता. १९०६ साली दुर्ग जिल्हा वेगळा झाला. २०१२ साली दल्ली-राजहरा नव्या बालोद जिल्ह्यात गेले. प्रांताचेही तसेच झाले. नागपूरच्या मध्य प्रांतातून हा प्रदेश १९५६ साली भोपाळच्या मध्य प्रदेशात आणि २००० साली छत्तीसगड राज्यात आला. आज एखादा तरुण अभियंता 'बालोद' हा शब्द घेऊन जुन्या दप्तरात शोधू लागला, तर बोस यांचा लेख त्याला सापडणार नाही, कारण त्यावर 'रायपूर' लिहिलेले आहे. कारखान्यांच्या आतही हेच घडते. विभागांची नावे बदलतात, यंत्रांचे क्रमांक बदलतात, एक कंपनी दुसरीत विलीन होते आणि जुन्या फायली नव्या नावांना ओळखीनाशा होतात. म्हणून जुन्या नावाशेजारी नवे नाव लिहून ठेवणारा ग्रंथपाल किंवा कारकून हा धोरणाचा अदृश्य शिल्पकार समजला पाहिजे. त्याचे काम कंटाळवाणे दिसते, पण त्यावाचून संगणकातील लक्षावधी पानेही मुकी राहतात.

जे कागदावर उतरत नाही

कागद कितीही नीट ठेवले तरी सर्व ज्ञान कागदावर येत नाही. मायकेल पोलान्यी हे मूळचे रसायनशास्त्रज्ञ. पुढे तत्त्वचिंतनाकडे वळलेल्या या विद्वानाने १९६६ सालच्या आपल्या ग्रंथात माणसाच्या अव्यक्त ज्ञानाचा विचार मांडला. माणूस ओळखीचा चेहरा गर्दीतही ओळखतो, पण कशावरून ओळखले हे त्याला शब्दांत सांगता येत नाही. एल्विन यांचा ग्रंथ वाचून अगरियांची भट्टी कशी होती हे कळेल. परंतु ज्वालेचा रंग पाहून भाता केव्हा थांबवावा, हे त्या ग्रंथावरून कोणाला जमेल असे नाही. ते भट्टीशेजारी उभे राहूनच शिकावे लागते. पुष्कळ ठिकाणी त्या भट्ट्या थंड झाल्या आणि त्यांच्याबरोबर ते शिक्षणही संपले.

आधुनिक झोतभट्टीला शेकडो मापके जोडलेली असतात. तरीसुद्धा भट्टीचा आवाज, धातुमळीची वाहण्याची रीत आणि झरोक्यातून दिसणारी झळाळी यांवरून पुढच्या पाळीत काय होणार हे सांगणारा अनुभवी कामगार असतोच. भिलाईच्या पहिल्या पिढीतील अभियंत्यांना सोव्हिएत संघातील कारखान्यांत पाठविण्यात आले होते ते याच कारणासाठी. आराखडे टपालाने येऊ शकतात, हात आणि डोळे टपालाने येत नाहीत.

येथे धोरणाचा प्रश्न उभा राहतो. देशातील जुन्या मोठ्या कारखान्यांत कायम कामगारांची संख्या गेल्या काही दशकांत घटत आली आहे. अनुभवी माणसे निवृत्त होत आहेत आणि पुष्कळसे काम कंत्राटी मजुरांकडे जात आहे. हिशेबाच्या वहीत यामुळे बचत दिसते. परंतु ज्या माणसाला पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर काम मिळेल की नाही हे ठाऊक नाही, त्याने भट्टीचा स्वभाव कशासाठी शिकावा, आणि शिकलेच तर ते दुसऱ्याला कशासाठी सांगावे? निवृत्तीच्या दिवशी हार आणि नारळ देऊन निरोप देणाऱ्या संस्थेने त्याआधी दोन वर्षे त्या माणसाजवळ एखादा तरुण उमेदवार बसविला असेल, तरच तिने आपल्या भवितव्याचा विचार केला असे म्हणता येईल.

ज्ञान असूनही

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो विचार करण्याजोगा आहे. ज्ञान साठविल्याने धोरण सुधारतेच असे कोठे आहे? ईस्टमन कोडॅक या अमेरिकन कंपनीच्याच प्रयोगशाळेत १९७५ साली स्टीव्हन सॅसन या अभियंत्याने फिल्मशिवाय छायाचित्र घेणारा अंकीय कॅमेरा तयार केला होता. परंतु कंपनीचा नफा फिल्मच्या विक्रीवर उभा होता. जे ज्ञान घरातच जन्मले होते त्याला घरातील धोरणात मानाचे स्थान मिळण्यास फार उशीर झाला. २०१२ च्या जानेवारीत कंपनीला न्यायालयाकडे दिवाळखोरीचे संरक्षण मागावे लागले.

हा आक्षेप ज्ञानाच्या विरुद्ध नाही, तो ऐकणाऱ्याच्या विरुद्ध आहे. दप्तर जपणे हे अर्धे काम होय. दप्तराला प्रश्न विचारणे आणि नावडते उत्तर आले तरी ते ऐकून घेणे, हे दुसरे अर्धे. अहवालांचे ढीग, सभांची इतिवृत्ते आणि संगणकातील अवाढव्य साठे यांनाच ज्ञानव्यवस्थापन समजणाऱ्या कंपन्या केवळ पहिले अर्धे काम करतात. अशा ठिकाणी वरिष्ठांना रुचेल तेवढेच वर पोहोचते. चूक कबूल करणाऱ्याला जेथे शिक्षा होते, तेथे चुकांच्या नोंदी कोऱ्या राहतात. त्या कोऱ्या पानांवर आधारलेले धोरण कोरेच असणार.

म्हणून ज्या उद्योगाला आपले धोरण भक्कम पायावर उभे करावयाचे आहे, त्याने कामाच्या तीन रीती लावून घ्याव्यात. प्रत्येक मोठ्या निर्णयाबरोबर, विशेषतः नकाराबरोबर, त्याची कारणे लिहून ठेवावीत. नवी योजना आखण्यापूर्वी या विषयावर पूर्वी कोणी काय केले होते, हा प्रश्न लेखी विचारला जावा आणि त्याचे उत्तर संचालकांच्या समोर यावे. आणि जाणत्या हाताशेजारी शिकाऊ हात ठेवण्याचा खर्च हा खर्च न मानता भांडवल मानावे. यांपैकी एकालाही मोठे यंत्र लागत नाही. लागते ती सवय.

ज्ञान कोणाचे?

अखेरीस एक प्रश्न उरतो, आणि रायपूरनेच तो सर्वांत स्पष्टपणे विचारला आहे. डॉ. आर. एच. रिछारिया हे कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेचे माजी संचालक. १९७० नंतरच्या दशकात रायपूर येथे काम करीत असताना त्यांनी छत्तीसगड आणि भोवतालच्या भागांतील शेतकऱ्यांकडून भाताचे हजारो देशी वाण गोळा केले. कोणते वाण कमी पाण्यावर येते, कोणते लवकर पिकते, कोणत्याला सुगंध आहे, ही शेतकऱ्यांची माहितीही त्यांनी बियांबरोबर नोंदविली. हा संग्रह पुढे रायपूरच्या इंदिरा गांधी कृषी विश्वविद्यालयाकडे आला. आज तेथे वीस हजारांहून अधिक नमुने आहेत.

२००२ साली या विश्वविद्यालयाचा सिंजेंटा या बहुराष्ट्रीय कंपनीशी सहकार्याचा करार होऊ घातल्याचे वृत्त प्रसिद्ध झाले. शेतकरी संघटनांनी आणि जाणत्या नागरिकांनी त्यास विरोध केला. पिढ्यान्पिढ्या शेतकऱ्यांनी निवडलेले बियाणे एका कंपनीच्या धोरणाचे भांडवल होणार काय, हा त्यांचा सवाल होता. त्याच वर्षीच्या डिसेंबरात कंपनीने माघार घेतली.

कंपनीच्या बाजूनेही बोलता येईल. शीतपेटीत पडून राहिलेल्या बियाण्यापासून कोणाचेच पोट भरत नाही आणि संशोधनाला पैसा लागतो. हे खरे असले तरी मूळ प्रश्न मिटत नाही. लोखंडाच्या हकीकतीत अगरियांचे नाव पुढील सर्व नफ्यातोट्याच्या हिशेबांतून गळून गेले. त्यांच्या जाणतेपणापासून निघालेली वाट जगड्व्याळ कारखान्यांपर्यंत पोहोचली, पण त्या वाटेवर त्यांच्यासाठी जागा राहिली नाही. भाताच्या बाबतीत निदान प्रश्न वेळेवर विचारला गेला. ज्ञान जपावयाचे म्हणजे ते ज्याच्याकडून आले त्याचे नाव आणि त्याचा वाटाही जपावयाचा, हे तत्त्व उद्योगांनी मान्य केले नाही, तर लोक आपले ज्ञान सांगणेच बंद करतील. मग दप्तरे कितीही सुबक ठेवली तरी त्यांत नवे काही येणार नाही. गावातील शेतकऱ्याला जे लागू, तेच पाळीवरील कामगारालाही लागू आहे.

दल्ली-राजहऱ्याचे साठे आज ओसरत चालले आहेत आणि भिलाईची नजर दक्षिणेकडील रावघाटच्या डोंगरांकडे लागलेली आहे. तेथे राहणाऱ्या आदिवासींना त्या जंगलाविषयी, पाण्याविषयी आणि मातीविषयी जे ठाऊक आहे, ते या वेळी धोरण आखणाऱ्यांपर्यंत पोहोचेल काय? की पुन्हा कोणीतरी फावल्या वेळात एखाद्या संग्रहालयात शिरण्याची वाट पाहावी लागेल?

नागपूरच्या त्या संग्रहालयात नकाशा टांगणाऱ्याला तो कोणाच्या उपयोगी पडणार हे माहीत नव्हते. त्याने तो सर्वांना दिसेल अशा जागी टांगला, एवढेच. रायपुरातही १८७५ साली स्थापन झालेले महंत घासीदास संग्रहालय आहे. गावोगावी शाळांची कपाटे आहेत, सार्वजनिक वाचनालये आहेत. कपाटाला कुलूप नसणे, पुस्तकाला सूची असणे आणि विचारणाऱ्याला हसून वाटेस न लावणे, या साध्या गोष्टींवर राष्ट्राचे मोठे उद्योग उभे राहतात. भिंतीवरील नकाशा वाचण्याची सवय ज्या मुलाला शाळेत लागेल, तो पुढे कारखान्यात गेल्यावर दप्तरालाही प्रश्न विचारील.